पाय लाल आणि गरम झाला? उद्याची वाट पाहू नका



माझ्या नोकरीची पस्तीस वर्षे नेगेवमधल्या एका गावात, कुपात होलिमच्या दवाखान्यात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेली. आता निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी सिनेगॉगमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा मलिद्याच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतेच, "सिस्टर, जरा माझा पाय बघता का?" त्यांतले निम्मे पाय नुसते थकलेले असतात. पण अधूनमधून असा एखादा पाय दिसतो की मी जेवणाचे ताट तसेच ठेवून त्यांना सांगते, "घरी नका जाऊ, इथूनच डॉक्टरकडे जा."

आज त्याच दुखण्याविषयी लिहिते. आपल्या वयाच्या लोकांत ते वारंवार दिसते. वेळेवर ओळखले तर गोळ्यांनी आठवडाभरात आटोक्यात येते, आणि दोन-तीन दिवस अंगावर काढले तर जिवावर बेतू शकते.

तीन नावे, एकच घराणे

कोकणात आपले वाडवडील याला धावरे म्हणत. अंगावर लाली उठते आणि धावत सुटल्यासारखी पसरते, म्हणून हे नाव शोभते. इथे हिब्रूत जुनी माणसे याला शोशाना म्हणतात. ऐकायला फुलाचे नाव, पण दुखणे मुळीच नाजूक नाही. डॉक्टर कागदावर लिहितात सेल्युलायटिस, आणि हिब्रूत त्याचा उच्चार होतो त्सेलुलितिस. लाली कातडीच्या वरच्या थरात असते, तिची कड उंच आणि स्पष्ट असते, तेव्हा ते धावरे किंवा शोशाना. जंतू त्याच्याखाली चरबीच्या थरापर्यंत गेले आणि कड पुसट झाली की सेल्युलायटिस. दोन्हींत फरक करणे डॉक्टरांनाही प्रत्येक वेळी जमत नाही, आणि तुम्हा-आम्हाला त्याची गरजही नाही. दोन्ही ठिकाणी करायचे ते एकच.

हे दुखणे बॅक्टेरियामुळे होते. बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू, कधी स्टॅफिलोकोकस. यांतले कित्येक जंतू आपल्या कातडीवर, नाकात, घशात मुकाट्याने राहत असतात. कातडी धड असते तोवर ती त्यांना आत येऊ देत नाही. कुठेतरी फट पडली की ते आत शिरतात आणि वाढू लागतात.

बरेच जण विचारतात, हे एकाचे दुसऱ्याला लागते का? सहसा नाही. आजारी माणसाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने हे होत नाही. त्याचे भांडे वेगळे करू नका, नातवंडांना त्याच्यापासून दूर ठेवू नका. उघडी जखम असेल तर पट्टी बदलल्यावर हात साबणाने धुवा, एवढे पुरे.

दार कुठे उघडे राहते?

दवाखान्यात अशा माणसाचा पाय पाहताना मी आधी लालीकडे पाहत नसे. बोटांच्या बेचक्या उघडून पाहत असे. तिथे कातडी पांढरी, ओलसर, भेगाळलेली असते. पावसाळ्यात शेतात उभे राहणाऱ्यांना चिखल्या होत, त्या आपल्याला ठाऊक आहेत. इथे चिखल नाही, पण दिवसभर बंद बूट आणि नायलॉनचे मोजे घातले की घामाने तसेच होते. ही बुरशी आहे. तिची खाज आपण वर्षानुवर्षे मनावर घेत नाही, आणि त्याच भेगेतून बॅक्टेरिया आत जातात.

याखेरीज टाचांच्या भेगा, डासाची चावलेली जागा खाजवून झालेली जखम, नखे कापताना लागलेले, बागेतला काटा, मांजराचा ओरखडा, घट्ट चपलेने आलेला फोड, ही सगळी दारे आहेत. पुष्कळदा दार इतके लहान असते की शोधूनही सापडत नाही.

काही जणांना धोका अधिक असतो. मधुमेह असलेले, पायावर कायम सूज असलेले, शिरा फुगलेल्या असलेले, वजन फार असलेले. हृदयाच्या बायपाससाठी ज्यांच्या पायाची शीर काढून घेतली आहे, त्यांना त्या पायात हे होऊ शकते. ज्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्यांना त्या बाजूच्या हातात होऊ शकते. कारण शरीरात रक्तवाहिन्यांसारख्याच लिंफ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशींची ये-जा त्यांतून होते. त्या नळ्या तुटल्या किंवा तुंबल्या की त्या भागाची राखण कमी पडते. आणि ज्यांना हे दुखणे एकदा झाले आहे, त्यांना ते पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

ओळखावे कसे?

चार गोष्टी लक्षात ठेवा: लाली, सूज, उष्णता आणि दुखणे. बहुधा एकाच पायाला, गुडघ्याच्या खाली, नडगीवर किंवा घोट्याजवळ. कातडी ताणलेली आणि चकचकीत दिसते, संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेलीही दिसू शकते. आणि मुख्य म्हणजे ते पसरते. सकाळी घोट्याशी असते, संध्याकाळी पोटरीपर्यंत येते.

आपल्यासाठी एक वेगळी सूचना. पुस्तकात आणि दवाखान्याच्या भिंतीवर जी चित्रे असतात ती गोऱ्या कातडीची असतात. आपल्यापैकी पुष्कळांचा रंग सावळा. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतेच असे नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळसर दिसते, कधी दिसतही नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा. हाताची मागची बाजू आधी एका पायावर ठेवा, मग दुसऱ्या पायावर त्याच जागी. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला, दाबल्यावर दुखला, तर रंग कसाही असो, दाखवायला जा.

जांघेत अवधाण आले आहे का तेही चाचपा. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हे आपल्या आजीला माहीत होते. ती गाठ सांगते की खाली कुठेतरी लढाई चालू आहे. पायावरून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर जंतू लिंफच्या नळीतून वर निघाले आहेत असे समजा.

आता ज्याने माणसे चकतात ती गोष्ट. कित्येकदा थंडी वाजून ताप आधी येतो आणि पाय नंतर लाल होतो. पनवेलकडून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका मावशीबाईंना ऐन उन्हाळ्यात रात्री अशी हुडहुडी भरली की त्यांनी दोन रजया घेतल्या. फ्लू असेल म्हणून अकामोल घेऊन झोपल्या. सकाळी लांब झगा वर करून चपला घालायला वाकल्या, तेव्हा डाव्या पायाला तळव्याएवढा गरम पट्टा दिसला. त्या तशाच आमच्याकडे आल्या आणि दुपारपर्यंत त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा खोकला नाही, सर्दी नाही, लघवीला जळजळ नाही, आणि तरी दात वाजतील अशी थंडी भरली, तर मोजे काढून दोन्ही पाय दिव्याखाली पाहा.

याच्या उलटही घडते. म्हातारपणी शरीर तापाने उत्तर देतेच असे नाही. पाय गरम आहे, पण अंगात ताप नाही, म्हणून काळजी नाही असे समजू नका. अकामोल घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा, कारण गोळीने ताप उतरला की डॉक्टरला खरा आकडा कळत नाही. ३८ अंश सेल्सियस म्हणजे आपल्या जुन्या थर्मामीटरवर १००.४.

मधुमेह असलेल्यांना आणखी एक जपायला हवे. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे दुखतच नाही. बुटात खडा गेला तरी कळत नाही. अशा माणसाला पुष्कळदा साखरच आधी खूण देते. औषधे तीच, जेवण तेच, आणि साखर अचानक चढलेली, असे दिसले की शरीरात कुठे जंतुसंसर्ग आहे का ते शोधायला हवे. सुरुवात पायांपासून करा.

प्रत्येक लाल पाय हा तो नव्हे

दोन्ही पाय सारखेच लाल, कित्येक महिने काळपट, खाज सुटलेले, तर ते बहुधा शिरांच्या तुंबण्याने होते. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर वातरक्त म्हणजे गाऊट असू शकते. पोटरी सुजून दुखते आहे, विशेषतः लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि तीही तातडीचीच बाब आहे. मुंबईहून परतल्यावर पोटरी सुजली तर डॉक्टरला प्रवासाचे आवर्जून सांगा. यांतले काय आहे ते घरात बसून ठरवायचे नाही. ते डॉक्टरचे काम आहे. आपले काम वेळेवर तिथे पोहोचण्याचे.

केव्हा एक तासही थांबू नये

साधी लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पण खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर दवाखाना नाही, सरळ १०१ ला फोन करून मियूनमध्ये.

माणूस भलतेच बोलू लागला, दिवस-वार विसरला, उठवून उठेना किंवा नेहमीसारखा वागेना.

श्वास जोरात चालला, बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली.

हातपाय गार, कातडी ओलसर किंवा डागाळलेली, उभे राहताच चक्कर.

दिवसभरात लघवी जवळजवळ झाली नाही.

ताप फार चढला, किंवा अंग नेहमीपेक्षा गार, ३६ अंशांच्या खाली.

ही सेप्सिसची लक्षणे. जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडे बंद पडू लागतात. इथे तासांचा हिशेब असतो.

दुसरा धोका याहून दुर्मीळ, पण भयंकर. पाय दिसतो त्यापेक्षा कितीतरी पट जास्त दुखतो, माणूस कळवळतो, आणि वरून पाहावे तर थोडीशीच लाली. मग काही तासांत कातडी जांभळी, काळी पडते, पाण्याचे किंवा रक्ताचे फोड येतात, दुखणारी जागा बधिर होते, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागते. जंतू खोलवरचे थर कुजवत चालले आहेत असा त्याचा अर्थ, आणि तिथे ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मधुमेह असलेल्या माणसात हा धोका अधिक.

चेहऱ्यावर, डोळ्याभोवती सूज आली, डोळा हलवताना दुखला, नजर अंधुक झाली, तरी थांबू नका.

याखेरीज हळूहळू होणाऱ्या गुंतागुंती आहेत. आत पू साठून गळू होणे, मधुमेहात जखम खोल जाऊन हाडापर्यंत पोहोचणे, ज्यांची हृदयाची झडप बदललेली आहे त्यांच्या झडपेवर जंतू बसणे, आणि दुखणे परत परत येऊन पाय कायमचा सुजलेला राहणे. झडप बदललेल्यांनी पहिल्याच वाक्यात डॉक्टरला ते सांगावे.

"मुलांना कशाला त्रास?"

आमच्या गल्लीत एक नाना राहत. वय ८१, बायको वारलेली, मुले उत्तरेकडे. गुरुवारी त्यांच्या पायाला लाली दिसली. त्यांनी हळद आणि चुन्याचा लेप लावला, वर मोजा चढवला. शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद झाला, तेव्हा म्हणाले, रविवारी बघू. शुक्रवारी शब्बाथ सुरू होण्याआधी मुलाचा फोन आला. नाना फोनवर दोनदा तेच बोलले, सुनेचे नाव चुकले. मुलाला वाटले, बाबा आता थकले, विसरायला लागले. पायाविषयी नानांनी चकार शब्द काढला नाही. मुलगा शब्बाथ टाकून गाडी काढील, अशी त्यांना भीती होती.

शनिवारी सकाळी ते प्रार्थनेला आले नाहीत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस शब्बाथ अगदी काटेकोर पाळणारा. तो प्रार्थना संपताच त्यांच्या दारी गेला, आवाज दिला, उत्तर नीट आले नाही. त्याने तिथल्या तिथे फोन उचलून १०१ लावला. रब्बीला विचारायला गेला नाही, सूर्य मावळण्याची वाट पाहिली नाही. त्याने बरोबर केले, आणि धर्मानेही बरोबर केले. पिकुआख नेफेश, जीव वाचवणे, हे शब्बाथच्या वर आहे. जीव धोक्यात आहे अशी नुसती शंका असली तरी पुरे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. ते दुसऱ्यासाठी आपण पाळतो, स्वतःसाठी मात्र विसरतो.

नाना पाच आठवडे हॉस्पिटलात होते. वाचले. पण त्यांचे घर जुन्या शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते जिने त्यांना पुन्हा चढता आले नाहीत. चाळीस वर्षांचे घर सोडून मुलाकडे जावे लागले. ज्यांना त्रास द्यायचा नव्हता, त्यांनाच मग सगळे करावे लागले, आणि नानांना त्यांची सिनेगॉगमधली खुर्ची सोडावी लागली. गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन गोळ्या आणल्या असत्या, तर बहुधा हे टळले असते.

म्हणून मुलांनाही एक सांगते, आणि हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. आई किंवा बाबा दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर ते वय नव्हे. वय असे एका शुक्रवारी येत नाही. अचानक आलेला गोंधळ हा आजार असतो. विचारा: ताप आहे का, लघवी नीट होते का, पाय पाहिलेत का?

डॉक्टरला काय सांगावे?

आपल्यापैकी अनेकांना हिब्रू बोलताना अजून अडखळायला होते. घाईत तर शब्दच सुचत नाहीत. ही वाक्ये कापून फ्रिजवर लावून ठेवा.

"हा-रेगेल अदुमा, खामा व्हे-नेफुखा." म्हणजे पाय लाल, गरम आणि सुजलेला आहे.

"झे मित्पशेत." हे पसरते आहे.

"येश ली खोम व्हे-त्समरमोरेत." मला ताप आणि थंडी आहे.

"येश ली सुकेरेत." मला मधुमेह आहे.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर पुरुषांनी म्हणावे "अनी अलेर्गी ले-पेनित्सिलिन", बायकांनी "अलेर्गित". ही अ‍ॅलर्जी खरी आहे का, की लहानपणी एकदा पोट बिघडले होते एवढेच, तेही सांगा. पोट बिघडणे म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास अडकणे ही अ‍ॅलर्जी.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगायला विसरू नका. काही अँटिबायोटिक तिच्याबरोबर घेतले की रक्त जास्तच पातळ होते. सगळ्या औषधांचे डबे पिशवीत घालून न्या.

घरून निघण्यापूर्वी आणखी एक काम. बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ ओढा आणि बाजूला तारीख व वेळ लिहा. रेघ पुसू देऊ नका. पुढे दर वेळी तिच्यावरून कळते की दुखणे पुढे सरकले की मागे हटले. आम्ही दवाखान्यात हेच करत होतो. यासाठी कुठले यंत्र लागत नाही.

उपचार आणि घरची शुश्रूषा

साध्या दुखण्याला तोंडाने घ्यायचे अँटिबायोटिक पुरते, बहुधा पाच ते सात दिवस, काही वेळा अधिक. ताप फार असेल, उलट्या होत असतील किंवा गोळ्यांनी उतार पडत नसेल, तर शिरेतून औषध द्यावे लागते.

पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी सरकली तरी घाबरू नका, औषधाला वेळ लागतो. पण दोन दिवस पूर्ण होऊनही ती पुढेच जात असेल, ताप उतरत नसेल, दुखणे वाढत असेल, तर परत जा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. बरे होताना कातडी सोलवटते आणि काळपट डाग काही आठवडे राहतो, त्याची चिंता नको.

गोळ्या सांगितल्या तितके दिवस पुऱ्या घ्या. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या कपाटात ठेवू नका, आणि शेजारणीच्या कपाटातल्या तर मुळीच घेऊ नका. प्रत्येक अँटिबायोटिक प्रत्येक जंतूवर चालत नाही.

पाय उंच ठेवा. नुसता स्टुलावर नव्हे. आडवे होऊन पायाखाली उशा घाला, पाय छातीच्या पातळीच्या वर यायला हवा. सूज उतरायला याची मदत होते. अधूनमधून घोटा हलवा आणि घरात थोडे चाला. पाणी पीत राहा, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरने पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर.

हळद, चुना, गरम तेलाची मालीश, वाळूचा शेक, हे आपले जुने उपाय मुरगळलेल्या पायाला ठीक. इथे नकोत. शेकाने सूज वाढते, चोळल्याने दुखणे वाढते. आणि लेपाखाली लाली कुठवर गेली ते दिसत नाही, हे सर्वांत वाईट. जोराच्या दुखण्यावरच्या गोळ्या, न्यूरोफेन किंवा व्होल्टारेनसारख्या, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या आपल्या वयात मूत्रपिंडांना जड जातात आणि वाढत्या दुखण्याची खूण झाकतात.

माशाचा काटा

आपल्या घरी शब्बाथला मासे नाहीत असे क्वचितच. म्हणून हे मुद्दाम लिहिते. १९९६ आणि १९९७ मध्ये इस्राएलमध्ये ६२ जणांना माशांमुळे असा जंतुसंसर्ग झाल्याची नोंद आहे. तळ्यात वाढवलेले मासे, मुश्त आणि कार्पियोनसारखे, घरी आणून साफ करताना काटा टोचलेली ही माणसे. जंतूचे नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. बहुतेकांना हाताचा सेल्युलायटिस झाला आणि काहींमध्ये तो खोलवर कुजत गेला.

तेव्हा मासे शक्यतो दुकानातूनच साफ करून घ्या. घरी करायचेच असतील तर जाड हातमोजे घाला. काटा टोचला तर जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हात सुजला, दुखला, तर त्वरित जा आणि डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगा की माशाचा काटा टोचला होता. त्यावरून ते औषध वेगळे निवडतात. यकृताचा आजार असलेल्यांना हा जंतू विशेष घातक.

पुन्हा येऊ नये म्हणून

वर सांगितलेल्या पनवेलच्या मावशींना दोन वर्षांत हे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांवर बुरशीचे मलम नेमाने लावले, खाज थांबल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस. त्यानंतर दुखणे पुष्कळ काळ फिरकले नाही.

अंघोळीनंतर पाय नीट पुसा, विशेषतः बेचक्या. टाचांना आणि नडगीला खोबरेल तेल किंवा मलम लावा, कोरड्या कातडीला भेगा पडतात. पण बेचक्यांत तेल नको, तिथे कोरडेच हवे. मोजे सुती आणि रोज धुतलेले. नखे सरळ कापा, कडेने खोल नको. घट्टे आणि कुरुपे ब्लेडने स्वतः कापू नका.

ज्यांना हे परत परत होते, त्यांनी डॉक्टरशी दोन गोष्टी बोलाव्यात. एक म्हणजे रोज थोडे पेनिसिलिन. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २७४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वर्षभर पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना दुखणे परत आले, न घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दुसरी गोष्ट म्हणजे कायम सूज असेल तर दाब देणारे मोजे. ऑस्ट्रेलियातील ८४ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दाब वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना दुखणे उलटले, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. पण हे मोजे स्वतःहून विकत घेऊन चढवू नका. पायाच्या धमन्या तुंबलेल्या असतील तर घट्ट मोज्याने अपायच होईल. आधी तपासून घ्या.

योम किप्पूरला आपण चामड्याची पादत्राणे घालत नाही. शिव्हाच्या सात दिवसांतही तसेच. म्हणून मधुमेह असलेली माणसे नुसत्या मोज्यांवर सिनेगॉगपर्यंत चालत जाताना मी पाहिली आहेत. मनाई चामड्याला आहे. कापडाचे किंवा रबराचे, बोटे झाकणारे बूट चालतात. तेच घाला. आणि त्या दिवशी अँटिबायोटिक चालू असेल तर उपासाचे काय, हे आधीच डॉक्टरला आणि रब्बीला विचारून ठेवा.

शेवटी एक सवय सांगते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री पाय पाहावेत. बाकीच्यांनी निदान शुक्रवारी, शब्बाथची अंघोळ झाल्यावर. पलंगावर बसा, चष्मा लावा, दिवा जवळ घ्या. बोटे एकेक करून उघडा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा नातवंडाला बोलवा, त्यांचे डोळे चांगले असतात. मग हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही नडग्या आणि पोटऱ्या तपासा. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. एक पाय गरम लागला, तर शुक्रवारच्या त्या पाच मिनिटांनंतर मेणबत्त्या लागण्याआधी फोन करायला वेळ असतो. आणि मेणबत्त्या लागल्या असल्या, तरी फोन करायचाच.

सर्व वाचकांना उत्तम बरिउत लाभो, आणि जे आजारी आहेत त्यांना रिफुआ श्लेमा.